‘बाकी काय विशेष?’ विचारून बसले, आता तिच्याकडे कोणत्या तोंडानं जाऊ?

ताई,

ठाण्यात आमची सात मजल्यांची सोसायटी आहे. मी दुसऱ्या मजल्यावर, ती चौथ्या. अगदी जिवाभावाची मैत्रीण म्हणणार नाही, पण आठ वर्षांची ओळख. विरजण मागायचं, मुलांच्या रिक्षाचे पैसे एकमेकींकडे द्यायचे, गणपतीत शेजारी बसून मोदक वळायचे, इतपत. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात तिचे यजमान गेले. वय ४६. खासगी कंपनीत होते. रात्री छातीत दुखायला लागलं आणि पहाटे सगळं संपलं. मी तेव्हा अकोल्याला होते, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दसऱ्यानंतर परत आले तोवर तेरावाही होऊन गेला होता.

आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. एकदा सासूबाई म्हणाल्या, आज वार बरा नाही. एकदा घरात पाहुणे. मग वाटायला लागलं, इतक्या उशिरा जाऊन बोलायचं काय? आणि एक दिवस खाली लिफ्टचं दार उघडलं तर आत ती. माझ्या तोंडून निघालं, “काय गं, कशी आहेस? बाकी काय विशेष?” ती म्हणाली, “काही नाही.” माझा मजला येईपर्यंत मी ‘क्षमता ६ व्यक्ती’ ही पाटी वाचत उभी होते.

तेव्हापासून तिला टाळते. बाहेर पडायच्या आधी दाराला कान लावते, लिफ्ट वरून येताना ऐकू आली तर थांबते. डी-मार्टमध्ये ती दिसली तर डाळींच्या रॅकमागे जाऊन उभी राहिले, नको असलेलं मसुरीचं पाकीट हातात घेऊन. दिवाळीत तिच्याकडे फराळ होणार नाही म्हणून डबा भरला होता. चकल्या, शंकरपाळे, चार लाडू. तो नेला नाही. अजून फ्रिजवर आहे.

आता संक्रांत आली. दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असतं, सगळ्या इमारतीतल्या येतात. तिला बोलवायचं का? सासूबाई म्हणतात, बोलवू नकोस, तिलाच वाईट वाटेल. न बोलवावं तर सगळ्या इमारतीत ती एकटी उरते. माझे मिस्टर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, ते म्हणतात उगाच वाढवू नकोस. इतकी साधी गोष्ट मला का जमत नाही?

दुसऱ्या मजल्यावरची

* * *

या आठवड्यात जा. संक्रांतीच्या आधी जा, आणि आमंत्रण घेऊन जाऊ नका. साडेतीन महिन्यांनी तुम्ही पहिल्यांदा तिच्या दारात उभ्या राहाल तेव्हा तुमच्या हातात हळदीकुंकवाचं बोलावणं असेल तर तिला वाटेल, कार्यक्रमाची यादी करताना माझं नाव आलं म्हणून ही आली. आधी नुसत्या जा. बोलावण्याचं मग बघू, त्याबद्दल खाली लिहिलंय.

लिफ्टमधलं ते वाक्य तुम्हाला झोपू देत नाहीये, म्हणून आधी त्याचं सांगते. ‘बाकी काय विशेष?’ हे आपण समोरचं माणूस बघून बोलत नाही. ‘जेवण झालं का’, ‘मग, काय म्हणतेस’, ‘आज इकडे कुठे’ यांच्याच पंगतीतलं ते आहे. बोलून बोलून त्याचा अर्थ पार झिजलाय, ‘तू मला दिसलीस’ एवढंच त्यात उरलंय. तुम्ही दचकलात आणि जीभ सवयीच्या रस्त्यानं पळाली. त्यात दुष्टपणा नव्हता, हे तिला कळलेलं आहे. तिनंही आयुष्यात हजार वेळा कुणाला तरी ते विचारलं असेल. आणि तिनं दिलेलं ‘काही नाही’ हे उत्तरही त्याच सवयीचं होतं. तुम्ही दोघी एकाच भाषेत अडखळलात.

पण दाराला कान लावून थांबण्याबद्दल मी तुमची समजूत घालणार नाही. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरातल्या बाईचे कान फार तिखट होतात. अर्धवट उघडून पुन्हा मिटलेलं दार, आतून हळूच सरकवलेली कडी, आपण दिसल्यावर पार्किंगमध्ये अचानक सुरू झालेलं मोबाइलवरचं बोलणं, हे सगळं तिला कळत असतं. तुम्हाला वाटतंय की तुमचं चुकीचं वाक्य तिच्या मनात घोळत असेल. ते वाक्य ती त्याच संध्याकाळी विसरली असेल. तुमचं बंद दार मात्र ती रोज मोजत असेल. हे कडू लागेल, तरी लिहिते, कारण याच बाजूला मी राहिलेली आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. चौदाव्याला गोडाचं जेवण झालं, दुखवट्याचे कपडे देऊन झाले, पाहुणे आपापल्या गाड्या पकडून गेले. पंधराव्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं दारातूनच विचारलं, “दूध तेवढंच ठेवू की कमी करू?” मला उत्तर देता येईना. त्याच आठवड्यात मी मंडईत गेले, तर समोरून ओळखीच्या बाई येत होत्या. दोन वर्षं आम्ही एका भिशीत होतो. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि त्या पटकन लसणाच्या ढिगावर वाकून भाव करायला लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. मला वाटलं, माझ्या अंगाला काहीतरी लागलंय, आणि ते दुसऱ्याला लागू शकतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी मंडईत दुपारी, गर्दी नसताना जायचे.

अशाच एका दुपारी आमची नेहमीची भाजीवाली म्हणाली, “साहेब आले नाहीत बरेच दिवसांत? गवार आणलीये त्यांची.” मी सांगितलं. तिनं हातातला तराजू खाली ठेवला. अरेरे नाही, देवाची मर्जी नाही. ती म्हणाली, “शेवटचं काय जेवले होते?”

मी म्हटलं, “वरणभात. वर लिंबू पिळून मागितलं होतं.”

“म्हणजे जेवून गेले,” ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून तिनं पाव किलो गवार तोलली, नेहमीसारखी मूठभर कोथिंबीर वर टाकली आणि पैसे घेतले. तोवर घरी येऊन गेलेल्यांपैकी एकानंही मला हे विचारलं नव्हतं. कसं झालं, कुठल्या दवाखान्यात नेलं, किती वाजले होते, हे सगळ्यांनी विचारलं, आणि मी तेच तेच सांगून दमले होते. तो माणूस त्या रात्री काय जेवला, हे सांगताना मात्र तो मला ताटावर बसलेला दिसला. घरी येऊन मी फ्रिज उघडला. उरलेलं अर्धं लिंबू वाळून दगड झालं होतं, तरी ते मी टाकलं नव्हतं.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण ‘जाऊन बोलायचं काय’ हा तुमचा खरा प्रश्न आहे. ती भाजीवाली सांत्वनाचं काही बोललीच नाही. ती माझ्या नवऱ्याबद्दल बोलली. आपण ‘विषय काढला तर तिला वाईट वाटेल’ म्हणून गेलेल्या माणसाचं नावच घेत नाही, आणि हळूहळू अख्खी इमारत ते नाव घ्यायचं बंद करते. घरच्यांना ते फार लागतं. तुम्ही नाव काढल्यानं तिला तो आठवेल असं नाही हो, तिला तो आठवतोच आहे. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. ते तुम्ही आणलेलं नसेल.

आता उशिराचं. तुम्ही म्हणता, तेरावा झाला, मग आता जाण्यात अर्थ काय. मला वाटतं, आता जाण्यातच जास्त अर्थ आहे. पहिले तेरा दिवस तिला माणसांची नाही, एकटीनं पाच मिनिटं बसायला मिळण्याची टंचाई असते. कोण आलं, कोण नाही, यातलं निम्मं तिला आठवतही नसेल. रिकामपण येतं ते नंतर. आणि पहिली दिवाळी गेली, पहिली संक्रांत येतेय, म्हणजे ती आत्ता नेमकी त्या रिकामपणाच्या मध्यावर आहे.

२०२२ साली अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ प्रयोग, ५,९०० हून जास्त माणसं. बऱ्याच दिवसांत बोलणं नसलेल्या ओळखीच्या माणसाला एखादी चिठ्ठी किंवा छोटीशी भेट पाठवायची, आणि त्याला ती किती आवडेल याचा आधी अंदाज करायचा, असं त्याचं स्वरूप होतं. पाठवणाऱ्यांचा अंदाज सारखा कमी पडला. ज्याला मिळालं त्याला ते अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आवडलं, आणि जितकं ते अनपेक्षित तितकं जास्त. तो अभ्यास दुःखातल्या घरांचा नव्हता, म्हणून तो मी फार ताणणार नाही. पण ‘आता कशाला, किती विचित्र वाटेल’ हा जो हिशोब आपण दाराच्या अलीकडे उभं राहून करतो, तो चुकतो कुठे ते त्यातून कळतं. आपण आपली लाज मोजत बसतो. दाराच्या पलीकडच्या माणसाला फक्त घंटा ऐकू येते, कुणीतरी आलंय.

तुम्ही शेवटी विचारलंय, इतकी साधी गोष्ट मला का जमत नाही. ती साधी नाहीच. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या बायकांना ती साधी वाटायची, कारण ती कधी एकटीनं करावी लागत नसे. माणूस गेलं की दार उघडंच असायचं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलं-भाकरी यायची, कोणी नळावरचं पाणी भरून टाकायचं, कोणी लहान मुलांना उचलून आपल्याकडे न्यायचं. दहा दिवस तेवणाऱ्या दिव्यात तेल आहे की नाही हे बघायलासुद्धा कोणीतरी म्हातारी बसलेली असायची. नवी सून त्या घोळक्याबरोबर जायची, भिंतीशी बसायची, एक शब्द बोलायची नाही, आणि बघून बघून शिकायची. तुम्हाला बंद ब्लॉकचं दार आहे, घंटा आहे, आणि घंटा वाजवल्यावर बोलायचं पहिलं वाक्य तुमचं तुम्हाला शोधायचंय. यात अडखळायला होणारच. म्हणून स्वतःला कोसत बसू नका. त्यापेक्षा पहिलं वाक्य आत्ताच ठरवू.

दुपारी चारच्या सुमाराला जा. मुलं क्लासहून यायची असतात, स्वयंपाकाची घाई नसते. एकट्या जा, इमारतीतल्या तिघी-चौघींना गोळा करून नको. चौघी गेल्या की त्या आपापसात बोलत बसतात. आधी एक मेसेज टाका, ‘दुपारी चारला घरी आहेस का? येऊ का?’ एवढाच. फोटोवाले, हात जोडलेले, गुलाबांचे मेसेज नकोत. ती नाही म्हणाली तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

दिवाळीचा तो डबा आज फ्रिजवरून काढा आणि रिकामा करा. तळणीच्या तेलाला आता खवट वास आला असेल, शिवाय तो डबा रोज तुमच्याकडे बघतोय. त्याच डब्यात रोजचं काहीतरी न्या. मेथीची भाजी, थालीपीठं, मुलांना आवडणारी आमटी. गोडाचं नको, ‘सांत्वनाचं’ वाटेल असं काही नको. रोजचं खाणं म्हणजे आज तिची एक भाजी वाचली. आणि डबा स्टीलचाच न्या, म्हणजे तो परत करायला तिला यावं लागेल. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, ती त्यात काहीतरी घालून आणेल. चिमूटभर साखर का होईना. त्या निमित्तानं ती दोन मजले खाली उतरेल.

दार उघडल्यावर हे बोला, याच शब्दांत बोललात तरी चालेल: “मी तेव्हाच यायला हवं होतं. अकोल्याहून आले आणि मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून आलेच नाही. माझं चुकलं. लिफ्टमध्ये पण भलतंच बोलून गेले.” बस्स. एकदाच. चपला काढता काढता म्हणून टाका आणि थांबा. पुन्हा पुन्हा माफी मागू नका, रडू आलं तर आवरा, निदान तिच्यापेक्षा जास्त रडू नका. मी बघितलंय, माफी मागायला आलेल्या बायका इतक्या गहिवरतात की ज्या बाईचा नवरा गेला तीच उठून त्यांना पाणी देते आणि ‘असू दे गं, होतं असं’ म्हणत पाठीवरून हात फिरवते. तिच्यावर ती वेळ आणू नका.

मग त्यांच्याबद्दल बोला. तुमच्याकडे आठ वर्षांचं काहीतरी असणार. गणपतीत ते शिडीवर चढून माळा लावताना खालून कोणी उगाच सूचना दिली की काय म्हणायचे? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठे बसायचे? तुमच्या मुलाला कधी शाळेत सोडलं होतं का? मोठं काही नको, लहानच हवं, आणि खरं हवं. ‘फार चांगला माणूस होता’ यानं काही होत नाही, ते कोणाहीबद्दल बोलता येतं. तिला माहीत नसलेली एखादी बारीकशी गोष्ट सांगितलीत तर फार बरं. गेलेल्या माणसाचं नवीन काही आता तिला कुठूनच मिळणार नाहीये, असलंच तर तुमच्यासारख्यांकडून मिळेल.

‘आता मुलांकडे बघून दिवस काढायचे’, ‘देवालाही चांगलीच माणसं लागतात’, ‘तू मोठी धीराची’, ही वाक्यं घरीच ठेवून जा. कसं झालं ते विचारू नका, ती सांगायला लागली तर मध्ये न बोलता ऐका. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. पंखा फिरत असेल, खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत असेल, ऐकत बसा. दोन मिनिटांची शांतता बसणाऱ्याला दहा मिनिटांची वाटते. ती तोडायला घाबरून आपण नको ते बोलतो, लिफ्टमध्ये तेच झालं.

आणि ‘काही लागलं तर सांग हं’ हे तर अजिबात म्हणू नका. ती सांगणार नाही. कोणीच सांगत नाही. काय लागतं ते तुम्ही बघायचं आणि दिवस-वार घालून म्हणायचं. या टप्प्यावर अशा घरात काय लागतं ते मला माहीत आहे, कागद लागतात. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती संपलेल्या असतात, बँकेत एक, विम्याला एक, गॅस एजन्सीला एक. प्रत्येक खिडकीवर ‘कोण गेलं’ हे मोठ्यानं सांगावं लागतं आणि मागे रांग असते. “बुधवारी मला सुट्टी आहे, बँकेत मी येते तुझ्याबरोबर” असं म्हणा. तिथे तुम्हाला काही करायचं नाही. फाइल धरायची आणि शेजारच्या खुर्चीवर बसायचं.

त्यांची खासगी नोकरी होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक विचारून बघा. पगारातून पीएफ कापला जात असेल आणि माणूस नोकरीत असतानाच गेला असेल तर पीएफची शिल्लक आणि विधवा पेन्शन यांच्याखेरीज ईडीएलआय नावाचा विमाही वारसाला मिळतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. त्याचा हप्ता कंपनी भरत असल्यामुळे पगाराच्या चिठ्ठीत तो वेगळा दिसत नाही, आणि म्हणून पुष्कळ घरांना तो असतो हेच ठाऊक नसतं. कंपनीच्या एचआरकडे तिनं नाव घेऊन विचारायला हवं. हे पहिल्या भेटीत बोलू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बोला.

आणि तुमचे मिस्टर सेक्रेटरी आहेत. त्यांना विचारा, चौथ्या मजल्यावरचं मेंटेनन्सचं बिल अजून कोणाच्या नावानं जातं? माझ्याकडे सात महिने माझ्या यजमानांच्या नावानं येत होतं, खाली ‘थकबाकी त्वरित भरावी’ असा शिक्का. घराचं नॉमिनेशन तिच्या नावावर असेल तर नॉमिनीनं सहा महिन्यांच्या आत सोसायटीकडे अर्ज करायचा असतो. तो फॉर्म तुमच्या मिस्टरांनी स्वतः वर नेऊन द्यावा, कुठे सह्या करायच्या तिथे पेन्सिलीनं खुणा करून. ‘उगाच वाढवू नकोस’ म्हणणाऱ्या पुरुषांना अशी कामं फार चांगली जमतात. बोलायचं नसतं, करायचं असतं. माझ्याकडे कोणी असा आला असता तर मी त्याला जन्मभर विसरले नसते.

आता हळदीकुंकू. माझं मत स्वच्छ आहे: बोलवा. तुमच्या सासूबाई वाईट हेतूनं बोलत नाहीत. त्यांच्या पिढीत अशी बाई स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि सगळे तिला समजूतदार म्हणायचे. पण ‘तिला वाईट वाटेल’ हे तिला न विचारता तिच्या वतीनं ठरवणं, हीच त्या मागच्या खोलीची कडी आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. कोविडमध्ये तरणीताठी माणसं गेली होती, कोवळ्या वयाच्या बायका मागे राहिल्या होत्या, ते सगळ्या गावानं बघितलं होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. एका खेड्यातल्या लोकांना जे ग्रामसभेत हात वर करून करता आलं, ते तुम्हाला ठाण्यातल्या तुमच्या स्वतःच्या दिवाणखान्यात करता येणार नाही का?

मात्र तिला सुधारणेचा झेंडा करू नका. सगळ्यांसमोर तिला पहिली ओवाळायची, टाळ्या, फोटो, ग्रुपवर ‘नवा पायंडा’, असलं काही नको. तिला बायकांमध्ये बसायचंय, बातमी व्हायचं नाही. भेटून आल्यावर दोन-चार दिवसांनी, एकटी असताना, जसं बाकीच्यांना सांगता तसंच सांगा: “शुक्रवारी संध्याकाळी हळदीकुंकू आहे, तू ये. तुला हळदीकुंकू लावलेलं आवडेल का नाही ते तू सांग, तसं करू. नुसती गप्पांना आलीस तरी मला हवीयस.” मग ती ठरवेल. कदाचित म्हणेल, वर्ष होईपर्यंत नको. बरीच घरं पहिलं वर्ष सणवार करत नाहीत, आणि तिचं मनही नसेल. तो तिचा निर्णय, त्यावर आग्रह करायचा नाही. न विचारणं आणि तिनं नको म्हणणं यांत केवढा फरक आहे, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. मला पहिल्या वर्षी कोणी विचारलंच नाही. आमच्या मजल्यावर तिघींकडे हळदीकुंकू होतं, दाराबाहेर चपला वाजत होत्या, बांगड्या वाजत होत्या, आणि मी टीव्हीचा आवाज मोठा करून बसले होते.

ती आली तर तिला दाराशी नाही, मध्ये बसवा, तुमच्या जवळ. वाण सगळ्यांना द्याल तेच द्या, त्याच ताटातून. स्वयंपाकघरात बोलावून हळूच हातात द्यायचं नाही. एखादी नाक मुरडेल. मुरडू दे, तिला पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच यायचंय. सासूबाईंशी आदल्या दिवशी बोलून ठेवा, भांडू नका. त्यांना सरळ विचारा, तुमच्या नात्यात अशी कोण होती, तिला कसं वागवलं, तिचं काय झालं? आपल्या प्रत्येक घरात अशी एक आत्या किंवा मावशी असतेच. त्या सांगतील. सांगता सांगता त्यांचाच आवाज बदलेल.

ती आली नाही तर तिळगूळ घेऊन वर जा. मुलाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. ‘गोड बोला’ म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका, नुसता हातावर ठेवा.

एक राहिलं, निघतानाचं. भेटायला गेलं की उठताना ‘येते’ म्हणायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. दुःखाच्या घरी पुन्हा अशासाठी यायला लागू नये, म्हणून. सगळे न बोलता उठतात, कोणी मान हलवतं, चपला शोधतं, निघून जातं. तेरा दिवस तिच्या दारातून शंभर माणसं अशी गेली आहेत, एकही ‘येते’ न म्हणता. सुतक केव्हाच संपलंय. तुम्ही त्या दिवशी उंबऱ्याशी चपला घाला आणि मोठ्यानं म्हणा, “चल, येते गं. बुधवारी साडेदहाला तयार राहा, बँकेत जाऊ.”